बाग वाळली त्या वर्षीचा उपवासकाळ

मोसंबीला आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणारी फुलं, धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. आमच्यासारख्या मध्यम जमिनीत दीड-दोन महिने झाड कोरडं ठेवायचं. पानं पिवळी पडून थोडी गळाली की ताण बसला असं समजायचं. मग खत घालायचं, आधी हलकं पाणी, नंतर भरपूर. झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं आणि रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा त्या वासानं थांबतो.

2012च्या डिसेंबरात आम्ही पाणी तोडलं. जानेवारी संपत आला, पानं गळाली, आणि पाणी सुरू करायला विहिरीत पाणीच उरलं नव्हतं.

बदनापूर तालुक्यातली ही दोन एकर बाग माझ्या सासऱ्यांनी 1999 साली लावलेली. वीस बाय वीस फुटांवर 220 झाडं, न्यूसेलर नावाचं मोसंबीचं वाण, रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेलं. आमचं घराणं जालन्याजवळच्या बेथेलचं. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून वसवलेली ती ख्रिस्ती वस्ती. तिथून पुढे कुणी शिक्षक झालं, कुणी मिशनच्या दवाखान्यात लागलं. मामंजींनी मात्र जमीन घेतली. ते प्रभूत झोपी गेले त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यांनी विचारलं होतं, की तिसऱ्या ओळीतल्या झाडांना आळं केलं का. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. हे पूर्णवेळ बागेत.

त्या हंगामाला लोक 1972नंतरचा सर्वात वाईट दुष्काळ म्हणत होते. सासूबाईंना ते मान्य नव्हतं. त्या म्हणायच्या, "बहात्तरला दाणा नव्हता गं, पाणी होतं. खडी फोडायची, सुकडी खायची, पन हिरीत पाणी असायचं. आता दुकानात समदं हाय अन् हिरीत काहीच नाही." पैठणचा नाथसागर तळाला गेला होता. आमच्या दोन्ही बोअरमधून धुरळा यायचा. आम्ही टँकर लावला. दहा हजार लिटरचा एक टँकर 220 झाडांत वाटला की झाडाला 45 लिटर पाणी येतं, आणि उन्हाळ्यात एवढ्या मोठ्या झाडाला रोजच शंभराच्या पुढे लागतं. माझा पगार, सोसायटीचं कर्ज, शेवटी माझ्या दोन बांगड्या, सगळं त्या आळ्यांत ओतलं. माती ते पाणी पिऊन टाकायची आणि झाड तसंच उभं राहायचं, पानं वाळून चुरगळलेली.

ह्यांचं बोलणं हळूहळू बंद झालं. रात्री दोनला उठून बागेत जाऊन बसायचे. आमच्या भागात बायकोला अशा वेळी काय वाटतं, ते इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. फवारणीची सगळी औषधं मी एका दुपारी पिशवीत भरली आणि भावाकडे पाठवून दिली. ह्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जानेवारीच्या शेवटी आमच्या घरी प्रार्थनासभा झाली. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ बोलले. मनानं चांगला माणूस. त्यांच्या घरचीही बाग होती. ते म्हणाले, "मोसंबीला आपण ताण देतो तो कशासाठी? बहार यावा म्हणून. तसाच देव आत्ता तुम्हाला ताण देतोय. बहार येणारच." सगळ्यांनी आमेन म्हटलं. हे उठून बाहेर गेले आणि त्यानंतर दोन रविवार उपासनेला आले नाहीत.

मला तेव्हा ह्यांचाच राग आला होता. चांगल्या मनानं दिलेला धीर घ्यायचा नाही म्हणजे काय? पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला कळलं, त्यांना काय टोचलं होतं ते. ताण मोजून देतात. ताण देणारा रोज बांधावर येऊन पान हातात घेऊन बघतो, आणि ठरल्या दिवसाच्या पुढे जाऊ देत नाही, कारण त्यापुढे झाड बहरत नाही, मरतं. आमची झाडं मरत होती. हा ताण असेल तर देणाऱ्यानं मोजमाप सोडलं होतं. आणि तो मोजमाप सोडणारा असेल तर मी रोज सकाळी गुडघे टेकते ते कुणापुढे?

हा प्रश्न मी कुणाला सांगू शकत नव्हते. शब्बाथ शाळेत मुलांना शिकवणारी बाई मी.

त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, 13 फेब्रुवारीला होता. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख पाळकसाहेबांनी कपाळाला लावली. "तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील." बाहेर पडताना मी एका खांबाशी उभी राहून रडले. तेव्हा मागून एक हात खांद्यावर आला. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. ऐंशीच्या घरात होत्या. त्यांनी डोळे पुसायला सांगितलं नाही. म्हणाल्या, "कामून रडू राहिली ते मला माहीत हाय. तू देवाशी भांडलीस का?"

मी म्हटलं, "असं कसं भांडायचं, मावशी?"

"मग तू त्याच्याशी बोलतच नाहीस. नुसती शाळेतल्यासारखी उत्तरं देऊ राहिलीस."

त्यांनी मला उपवासकाळापुरतं एक काम नेमून दिलं. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळले की 40 दिवस होतात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. रोज पहाटे त्यातलं एकच वाचायचं. मोठ्यानं, बागेत जाऊन, घरात नाही. मग वहीत चार ओळी लिहायच्या. पहिली, कुणाला हाक मारतेस. दुसरी, तक्रार काय. तिसरी, मागणं काय. चौथ्या ओळीचा पहिला शब्द फक्त त्यांनी दिला: तरी. "पुढचं सुचलं तर लिही. नाही सुचलं तर तशीच मोकळी ठेव. खोटी लिहू नकोस. देवाला खोटी ओळ लिहून देणं म्हणजे पाप हाय."

जेवणाचा उपवास मी करावा की नाही, असं विचारलं. म्हणाल्या, "तुझ्या घरात उपासच चाललाय. तू पोटभर खा आणि ओरड."

पहिल्या पहाटे तेरावं स्तोत्र निघालं. फक्त सहा वचनं. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? मला कायमचा विसरणार का, तोंड कोठवर लपवणार? मी ते लहानपणापासून कितीदा वाचलं होतं. पण शेकोटीच्या धुरासारखी पांढरी पडलेली झाडं समोर आणि हातात टॉर्च, तिथे तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा आवाज माझाच होता. मी घाबरले. आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

वहीत लिहिलं: देवा. बाग मरू राहिली आणि बागेबरोबर हे. पाणी दे, नाही तर कारण दे. तरी

पुढे काही नाही.

पंधरा-सोळा दिवस ती चौथी ओळ मोकळीच राहिली. पण आता मागे वळून बघते तर त्याच दिवसांत काहीतरी बदलत होतं. मला वाटायचं, तक्रार केली की विश्वास कमी होतो. उलटं झालं. तक्रार पोटात होती तोवर मी देवाला टाळत होते. प्रार्थना पाठ म्हणून उरकायची आणि शाळेला पळायचं. तक्रार तोंडावर आली तसं त्याच्यासमोर उलट जास्त वेळ बसता येऊ लागलं. घरात नवरा-बायकोत अबोला असतो तेव्हा भांडण झालं की उलट बरं वाटतं, तसं.

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रानं मला फार आधार दिला, आणि हे ऐकून लोक चकित होतात. बाकी बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी वळण घेतात, स्तुतीवर येतात. हे येत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधार याच शब्दावर संपतं. ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं, त्यांनी हे स्तोत्र काढून टाकलं नाही. त्याला खाली एक गोड ओळ जोडली नाही. म्हणजे चौथी ओळ मोकळी असलेली माणसंही या पुस्तकात बसतात. मी वहीत त्या दिवशी काहीच लिहिलं नाही, नुसतं 88 आकडा टाकला.

शेजारच्या काकूंनी एकदा बांधावरून विचारलं, "काय म्हणू राहिली गं रोज सकाळी?" मी सांगितलं. त्या वारकरी. दुष्काळात बायको गमावलेला तुकोबा त्यांच्या तोंडी रोजचा. त्या म्हणाल्या, "आमचा तुकोबाबी इठ्ठलाशी असाच भांडतो. भांडण्याएवढं जवळचं कुणी असावं लागतं." मी ते मावशींना सांगितलं, तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बरोबर बोलली बाई."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी ह्यांना औरंगाबादला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. हे मी मुद्दाम सांगते. मंडळीत एक-दोघांना ते विश्वासाची कमतरता वाटलं. मला तसं वाटत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली. ज्याला तीन महिने झोप नाही त्याला स्तोत्र ऐकू येत नाही. आधी झोप आली आणि मग हे पहाटे माझ्या मागोमाग बागेत येऊ लागले. लांब, शेवटच्या ओळीत, पाठ करून बसायचे.

एकोणसत्तरावं वाचत होते. त्यात दावीद म्हणतो, पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलंय, खोल चिखलात रुतलोय, घशाला ओरडून कोरड पडली. मला ते वाचताना कसंसंच झालं. इथे थेंब नाही आणि हा पुराचं सांगतोय. वाचून झाल्यावर ह्यांचा आवाज आला. तीन महिन्यांत ते पहिल्यांदा आपणहून बोलले असतील.

"त्याला पाण्याचं भय, आपल्याला पाणी नसल्याचं. ओरडू राहिलो दोघंबी एकालाच."

त्या दिवशी माझी चौथी ओळ पहिल्यांदा भरली. तरी मी उद्या इथे येणार आहे. फार मोठं काही नाही. पण खोटी नव्हती.

त्याच आठवड्यात आम्ही बागेचा निर्णय घेतला. तोपर्यंत आम्ही 220 झाडांना 45 लिटर वाटत होतो, म्हणजे सगळ्यांना सारखं मारत होतो. कुठलंही झाड सोडायचं म्हणजे मामंजींना सोडायचं, असं ह्यांना वाटायचं, आणि मला सोडायचं म्हणजे देवावर विश्वास नाही असं वाटायचं. मनातला गोंगाट जरा कमी झाल्यावर साधा हिशेब दिसला. विहिरीजवळची, खोल मातीतली 60 झाडं निवडली. तोच टँकर त्यांच्यात वाटला की झाडाला 166 लिटर येतात. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात विचारून आलो: वाळकी फांदी छाटा, खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, आळ्यात जाड आच्छादन करा, पालवी जास्त ठेवू नका. उसाचं पाचट आणून अंथरलं. चार दिवसांनी एक टँकर. बाकीची 160 तोडायची ठरली.

शांती शांती म्हणतात ती मला अशी मिळाली. मन हलकं झालं वगैरे नाही. दुःख होतं तेवढंच होतं. फक्त डोळ्यांसमोरचा चिखल खाली बसला आणि हाताशी काय आहे, काय नाही ते दिसायला लागलं.

झाडं तोडायला माणसं आली त्या सकाळी मी विलापस्तोत्र काढत होते, तर ह्यांनी बायबल माझ्या हातातून घेतलं आणि हबक्कूक काढला. छोटा संदेष्टा, तीनच अध्याय. तोसुद्धा पहिल्याच अध्यायात विचारतो, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? दुसऱ्या अध्यायात तो पहाऱ्याच्या जागी चढून उभा राहतो, देव काय उत्तर देतो ते बघायला. ज्वारी राखायला माळ्यावर उभं राहतात तसा तो मला नेहमी दिसतो. आणि तिसऱ्याच्या शेवटी येतं ते: अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

"तरी," हे म्हणाले. "'म्हणून' नाही म्हणत तो."

एवढंच. पण माझ्या मनातला जानेवारीपासूनचा काटा तिथे निघाला. ताणाचा दृष्टान्त देणारे म्हणत होते, देव दुःख देतो म्हणून बहार येईल. हबक्कूक असं काही म्हणत नाही. बाग गेली हे तो लपवत नाही, त्याला कारण जोडत नाही, त्या बदल्यात काही येईल असंही सांगत नाही. त्याच्या देशावर खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, स्वारी यायची होती आणि ती आली. तरी. मावशींनी वहीत हाच शब्द कुठून आणून ठेवला होता ते मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत 160 झाडं आडवी झाली. लाकूड सरपणाच्या भावानं गेलं. सासूबाई दिवसभर घराबाहेर आल्या नाहीत.

29 मार्चला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. आमच्याकडे दुपारी 12 ते 3 वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते, प्रत्येक उद्गारावर मंडळीतलं कुणीतरी बोलतं. पाळकसाहेबांनी मला पाचवा दिला: "मला तहान लागली आहे." त्यांनी तो विचार करूनच दिला असणार.

मी दोन पानं लिहून नेली होती, ती वाचलीच नाहीत. चर्चच्या भिंतीपलीकडे टँकर आला होता, हंड्यांचा आवाज, बायकांची भांडणं सगळं आत ऐकू येत होतं. मी म्हटलं, हा आवाज ऐका आणि हा उद्गार ऐका. चौथ्या उद्गारात तो बाविसावं स्तोत्र म्हणतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? म्हणजे देवाचा पुत्रसुद्धा विलापस्तोत्र म्हणतच मेला. आणि पाचव्यात तो पाणी मागतो. त्याला पाणी मिळालं नाही, आंब म्हणजे आंबट द्राक्षारस मिळाला. आपण ज्याच्याकडे पाणी मागतोय त्याला कोरड काय असते ते माहीत आहे. मला एवढंच सांगता येतंय. मग मी खाली बसले. ताणाचा दृष्टान्त देणारे ते वडीलधारे गृहस्थ उपासनेनंतर माझ्याजवळ आले. त्यांचीही बाग तोडून झाली होती, मला ठाऊक नव्हतं. ते काही बोलले नाहीत. मी त्यांच्या पाया पडले.

पुनरुत्थानाच्या पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे दफनभूमीत गेलो. मामंजींच्या कबरेवर मेणबत्ती लावली. प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे. योहानाच्या शुभवर्तमानातलं वाचन झालं: मरीया कबरेबाहेर रडत उभी असते, येशू समोर येतो, आणि ती त्याला ओळखत नाही, माळी समजते. हे मेणबत्तीला हाताचा आडोसा धरून उभे होते. घरी येताना मोटारसायकलवर म्हणाले, "बागवान समजली ती त्याला." मागे बसून मी काही उत्तर दिलं नाही. त्यांच्या पाठीला डोकं टेकलं.

एप्रिल-मे सगळ्यात कठीण गेले. जूनमध्ये पाऊस आला, चांगला आला. साठातली 41 झाडं जगली.

पुढच्या वर्षी, 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. राखेचा बुधवार 5 मार्चला होता. त्या 41 झाडांवर पहिल्यांदा बरा बहार लागला होता, तो गारांनी खाली पाडला. मावशी तोवर गेल्या होत्या. मी बागेतून आले तेव्हा पावलाखाली सगळीकडे फुलं आणि बर्फ होता, आणि हे ओट्यावर बसले होते, मांडीवर माझी जुनी वही.

त्यांनी ती माझ्याकडे दिली. नव्या पानावर तीन ओळी लिहिल्या होत्या, त्यांच्या अक्षरात. चौथीत फक्त 'तरी' लिहून पुढे जागा मोकळी सोडली होती. मी टॉर्च घेतला, त्यांनी बायबल घेतलं, आणि आम्ही तेरावं स्तोत्र काढून बागेकडे निघालो.